शापाला सात दिवस

शिशाच्या पत्र्यावर लिहिलेला शाप सात दिवसांत लागतो, हा शोध माझा. त्यासाठी मी काही खणलं-बिणलं नाही. एका रविवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला तो माझ्या तोंडून बाहेर पडला आणि टेबलाभोवती बसलेल्या चौदा जणांनी माना डोलावल्या. जर्मन माणसाला आकडा दिला की तो निम्मा आपला होतो. 'थोड्या दिवसांत' म्हटलं असतं तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं. 'सात' म्हटल्यावर एकाने वहीत लिहून घेतलं.

कोलोनमध्ये बान, म्हणजे शहरातली ट्राम, जिथे संपते तिथून एक बस सुटते, तासाला एक. ती शेतांच्या कडेला एका लहानशा म्युझियमपाशी सोडते. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे एका रोमन जमीनदाराचं शेतघर होतं. आता भिंती गुडघ्याएवढ्या उरल्यात, न्हाणीघराच्या फरशीखालून गरम हवा खेळवायचे विटांचे बुटके खांब दिसतात, आणि अंगणात नव्याने बांधलेली एक विहीर आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आत दोघंच होते, तिकिटं देणारी बाई आणि एक दगडी सेनापती. त्यातल्या त्यात बोलका सेनापती.

मी तिथे कशी पोचले तेही सांगते. आम्ही बावीस वर्षं बॉबलिंगेनला होतो. नवरा मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, आणि मी त्याच गावात प्रौढांना स्वयंपाक शिकवणारी. माझ्या हाताखालून निदान अर्धं बॉबलिंगेन फोडणी करायला शिकून गेलं. उरलेल्या अर्ध्याला ठसका सोसला नाही. नवरा गेल्यावर मुलगी म्हणाली, कोलोनला ये, एका शहरात राहू. गेले. चौदा महिन्यांनी तिच्या ऑफिसने तिला सिंगापूरला पाठवलं. तिचा दोष नाही. मीच म्हटलं, "जा गं, मला इथे श्वास घ्यायला फुरसत नाही."

ती गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत चौथ्या मजल्यावरच्या माझ्या घराची बेल दोनदा वाजली. दोन्ही वेळा पार्सलवाला होता, आणि दोन्ही पार्सलं दुसऱ्यांची होती. पावाच्या दुकानात मी मुद्दाम नको तो पाव मागायची, म्हणजे तो बदलून घेताना चार वाक्यं जास्त बोलता यायची. दुकानातल्या पोरीच्या ते लक्षात आलं. मग मी दिसले की ती दोन्ही पाव काढून ठेवू लागली, आणि तोही संवाद बंद पडला.

तेव्हा म्युझियमला बिनपगारी मदतनीस हवेत अशी पाटी दिसली आणि मी अर्ज केला. जुने मदतनीस शिरस्त्राणं आणि तलवारी आधीच वाटून घेऊन बसले होते, म्हणून मला शापांचं टेबल मिळालं. रविवारी अकरा ते एक. येणाऱ्यांना पातळ पत्र्याचा तुकडा आणि खिळा द्यायचा. रोमन लोक शिसं वापरायचे, पण शिसं विषारी म्हणून आम्ही कथिलासारखा दिसणारा पत्रा द्यायचो. त्यावर शाप कोरायचा, गुंडाळी करायची, खिळा आरपार ठोकायचा आणि विहिरीत सोडायची. काय बोलायचं ते प्रमुखबाईंनी कार्डांवर लिहून दिलं होतं. एकूण अकरा कार्डं.

खरं तर त्या कार्डांना माझ्या तिखटमिठाची गरजच नव्हती. रोमन माणूस सार्वजनिक न्हाणीघरात जायचा, कपडे भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायचा आणि अंगाला तेल लावून गरम पाण्यात गप्पा मारत बसायचा. बाहेर येऊन बघावं तर अंगरखा गायब! तक्रार करायला पोलीस नाहीत. मग तो बोटभर शिशाचा पत्रा घेऊन खालच्या जगातल्या देवांना लिहायचा: माझा अंगरखा ज्याने नेला तो, पुरुष असो की बाई, गुलाम असो की मोकळा माणूस, त्याला झोप लागू नये, त्याच्या पोटात अन्न ठरू नये. ती गुंडाळी झऱ्यात, विहिरीत, नाहीतर कुणा परक्याच्या ताज्या थडग्यात सोडायची. मेलेला माणूस खाली जातोच आहे, तर जाता जाता आपलं टपालही नेईल, असा साधा हिशेब. शत्रूचं नाव लिहिताना बऱ्याचदा आईचं नाव लावायचे, अमकीचा मुलगा तमका. बापाच्या बाबतीत देवांचा घोटाळा व्हायला नको. हे मी कार्डावरून वाचलं की बायका हसायच्या आणि पुरुष विहिरीकडे बघायचे.

कार्डांवर आणखीही बरंच होतं. त्यांच्या चुलीजवळ घरातल्या देवांसाठी एक कोनाडा असायचा, जेवणातला पहिला वाटा तिथे ठेवायचे. तान्ह्या पोरांना दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात ताईत घालायचे. मेलेली माणसं वर्षातून काही दिवस घरात येतात असं मानायचे, आणि मग घरधनी अनवाणी फिरून काळे दाणे नऊ वेळा मागे टाकायचा, मागे वळून न बघता, आणि काशाची भांडी बडवून त्यांना जा म्हणायचा. हे सगळं वाचताना मला आपल्याच माजघरात कोणीतरी लॅटिन बोलत असल्यासारखं वाटायचं. पण सात दिवसांचं कार्ड त्या अकरांत नव्हतं. ते बारावं, माझं.

त्या चौदा जणांत ती म्हातारी होती. ऐंशीच्या आसपासची, पाठ खिळा ठोकल्यासारखी ताठ, राखाडी कोट गळ्यापर्यंत बंद. छत्तीस वर्षं टपाल खात्यात काढलेली, हे तिने नावाआधी सांगितलं. बाकीचे लोक साहेबावर, मेव्हण्यावर, फुटबॉलच्या पंचावर शाप लिहून हसत होते. ती हसत नव्हती.

"पत्ता कुठे लिहायचा?" तिने विचारलं.

"पत्ता नको. खालच्या देवांना सगळे पत्ते ठाऊक असतात."

"असं सगळेच म्हणतात," ती म्हणाली, "आणि मग टपाल परत येतं."

तिने रस्ता, घरनंबर, मजला, सगळं कोरलं. तिच्या जिन्याच्या खिडकीत चाळीस वर्षं तिच्या जिरेनियमच्या कुंड्या होत्या. समोरच्या दारातल्या शेजाऱ्याने हाउसफरवाल्टुंगला, म्हणजे इमारतीचा कारभार बघणाऱ्या ऑफिसला, पत्र लिहिलं की आग लागली तर कुंड्या वाटेत येतात. ऑफिसने कुंड्या काढायला लावल्या. थंडीचे दिवस होते. बाल्कनीत ठेवल्या तशा त्या एका आठवड्यात गेल्या, सगळ्या. तिचा शाप एका ओळीचा होता: जिन्यावर त्याचे पाय त्याला विसरोत.

मी वाचून म्हटलं, "वा! मूळ रोमन माणसाला इतकं नेमकं सुचलं नसतं."

पुढच्या रविवारी अकराच्या ठोक्याला ती हजर. कोट तोच, पाठ तीच.

"सात दिवस झाले," ती म्हणाली. "तो काल जिना चढून वर आला. दोन पिशव्या घेऊन. शीळ घालत."

ग्राहक तक्रार नोंदवायला आल्यावर दुकानदाराला जसं वाटतं तसं मला वाटलं. शिवाय मला आनंद झाला होता. माझ्यासाठी म्हणून कोणी बसने आलं, असं त्या शहरात पहिल्यांदाच घडत होतं. मी लगेच सांगितलं, "रविवार धरायचे नसतात. त्यात ईस्टर आलाय. खाली सुट्ट्या असतात."

"खाली सुट्ट्या?"

"मग काय? रोमन लोकांच्या वर्षात कामापेक्षा सणच जास्त असायचे."

ती माझ्याकडे बघून एकदम हसली. नाकातून, टपाल खात्याच्या शिस्तीत. एक वाजता टेबल आवरून झाल्यावर मी थर्मास काढला, आलं घातलेला चहा. आम्ही विहिरीजवळच्या बाकावर बसलो. ती म्हणाली, चहा तिखट आहे. मी म्हटलं, आमच्याकडे हा लहान मुलांना देतात, मोठ्यांच्या चहाने कपाला भोक पडतं. ती पुन्हा हसली. बस चुकली. पुढची तासाने होती आणि दोघींनाही त्याचं काही वाटलं नाही.

तिसऱ्या रविवारी ती आली तेव्हा कोटाची बटणं चुकली होती. टेबलाशी न बसता माझ्याजवळ येऊन ती दबक्या आवाजात म्हणाली, "तो पडला. बुधवारी. जिन्यावरून. खुब्याचं हाड मोडलं."

मी बोटं मोजली. बुधवारी म्हणजे दहावा दिवस. रविवार आणि ईस्टरचे शुक्रवार-सोमवार वजा केले तर, देवा रे, बरोबर सातवा.

"योगायोग आहे," मी म्हटलं.

"पायांचं लिहिलं होतं मी. जिन्याचं लिहिलं होतं."

मी कार्डांकडे धाव घेतली. "हे बघा, आईचं नाव. आईच्या नावाशिवाय शाप पोचत नाही. तुम्हाला त्याच्या आईचं नाव थोडंच ठाऊक असणार?"

"होतं ना. वरच्याच मजल्यावर राहायच्या त्या. शेवटची दोन वर्षं मीच त्यांना पाव आणून देत होते." तिने डोळे मिटले. "नाव लिहिलं मी. तुम्ही सांगितलं होतंत म्हणून."

त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. बाई, सात दिवस मी हवेतून काढले. एवढंच वाक्य. पण ते बोलले तर ही बाई उठणार, बसमध्ये बसणार आणि परत येणार नाही, हेही मला तितकंच स्पष्ट दिसत होतं. थर्मासमध्ये दोघींपुरता चहा होता. मी पहिल्यांदाच दोन पेले आणले होते.

"उतारा आहे," मी म्हणाले.

बुधवारी दुपारी ती माझ्या घरी आली. चौथा मजला ती एका दमात चढली. मी जुन्या रोमन उताऱ्याची तयारी करून ठेवली होती: खडेमीठ, मोहरी, सात सुक्या मिरच्या, आणि रोमन बाजू सांभाळायला मालवणी उसळीसाठी ठेवलेले काळे वाटाणे. तिला पूर्वेकडे तोंड करून खुर्चीवर बसवलं. मूठ तिच्यावरून तीनदा उतरवली आणि आजीच्या पद्धतीने पुटपुटले, आल्यागेल्याची, घरादाराची, वाटेवरची, विहिरीवरची दृष्ट जळून जावो. विहिरीवरची हे मी तिथल्या तिथे घातलं. मग तिने वाटाणे नऊ वेळा खांद्यावरून मागे टाकले. ते माझ्या दिवाणखान्यात असे पसरले की अजूनही कपाटाखाली एखादा सापडतो.

आणि मग मी मूठ गॅसवर टाकायला गेले. गॅस कुठला? काचेची गुळगुळीत शेगडी. म्हणून लोखंडी तवा लाल होईपर्यंत तापवला आणि मीठ-मोहरी-मिरची त्यात ओतली.

पुढचं वर्णन मी थोडक्यात करते, कारण जसंच्या तसं केलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. पहिल्यांदा आमच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग स्वयंपाकघरातला राउखमेल्डर, छतावरचा तो धुराचा भोंगा, ओरडू लागला. त्याचं ऐकून बैठकीतला ओरडला, मग झोपायच्या खोलीतला. खाली चर्चच्या घंटा वाजत होत्या त्या लाजून थांबल्या. म्हातारी खोकत खोकत विचारत होती, "हे असंच व्हायचं असतं का?" आणि मी खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळत ओरडत होते, "हो, हो! असंच! ठसका जितका जास्त तितकं चांगलं!"

बेल वाजली. दार उघडलं तर जिन्यावर सात माणसं. सगळ्या मजल्यांवरची. तळमजल्यावरची बाई, जिला मी फक्त पाठमोरी पाहिली होती, ती आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन सर्वांत पुढे. दोन वर्षांत माझ्या दारात एवढी माणसं कधी आली नव्हती. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? चहा पुरेल का. मी म्हणाले, "काही नाही, स्वयंपाक. या ना, आत या." त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने सांगितलं की स्वयंपाक करताना खिडकी तिरकी उघडी ठेवावी. बाकीच्यांनी गेनाऊ, गेनाऊ म्हणून दुजोरा दिला आणि सगळे आपापल्या दारांआड गेले. सात दारं बंद झाल्याचे सात आवाज मी मोजले.

दुपार उलटताना मुलीचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "आज घरी आठ माणसं आली होती." ती मराठीत ऐकते आणि जर्मनमध्ये उत्तर देते. म्हणाली, "आई, परत सुरू झालीस का?" इतकी खरी गोष्ट मी तिला वर्षभरात सांगितली नव्हती.

शेजाऱ्याचं ऑपरेशन नीट झालं. चौथ्या रविवारी म्हातारी ही बातमी घेऊन आली तेव्हा तिची पाठ पुन्हा ताठ झाली होती. "उतारा लागू पडला," ती म्हणाली, आणि तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. चार वर्षांत माझा हात कोणी असा धरला नव्हता. मी काहीच बोलले नाही. यालाही खोटं बोलणंच म्हणतात, ते मला ठाऊक आहे.

मे गेला, जून गेला. दर रविवारी एक वाजता बाक, थर्मास, दोन पेले. ती आता लिंबाचा केक आणायची, एक चौकोनी तुकडा तिला, एक मला. मी तिला रोमन लोकांच्या गोष्टी सांगायची. एका वाण्याने माशांच्या रश्श्याचे एवढे मोठे रांजण भरले की राइन नदी तीन दिवस खारट वाहत होती, एका बाईने केसांचा अंबाडा इतका उंच बांधला की त्यात चिमणीने घरटं केलं. ती प्रत्येक गोष्टीनंतर विचारायची, "हे कार्डावर आहे?" आणि मी म्हणायची, "त्याच्या मागच्या बाजूला." शेजारी हॉस्पिटलमधून पुन्हा चालायला शिकवणाऱ्या कुठल्याशा केंद्रात गेला होता. त्याचं दार बंद, जिना गप्प. ती एकदा म्हणाली, "त्याची शीळ फार बेसूर होती. पण तिच्यावरून मला पाच वाजलेले कळायचे."

जुलैच्या पहिल्या रविवारी तिने पर्समधून पत्र्याची एक गुंडाळी काढली. घरी कोरून आणली होती, खिळा अजून ठोकला नव्हता.

"माझा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलंत की हे टपाल खाली जातं. शापच जायला हवा असं काही आहे का? साधं पत्र नाही जात?"

मी गुंडाळी हातात घेतली. हलकी होती, पानाच्या विड्याएवढी.

"चारच ओळी आहेत. जास्त लिहिलं तर तो वाचायचा कंटाळा करतो. आल्झो, तर तुम्ही शब्द म्हणा, ते तुमचे, मिरच्यांचे. म्हणजे नक्की पोचेल."

आता जे सांगायचं ते मी त्या दिवसापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. मार्चमध्ये, टेबल माझ्याकडे आल्यावर दोनच आठवड्यांनी, सगळे गेल्यावर मीही एक गुंडाळी विहिरीत सोडली होती. मराठीत. नवऱ्याला. काय लिहिलं होतं ते राहू दे. दुसऱ्या दिवशी मी चष्मा विसरले म्हणून परत गेले. तेव्हा म्युझियमचा हाउसमाइस्टर, तिथली देखभाल करणारा माणूस, लांब दांड्याच्या जाळीने विहिरीतून गुंडाळ्या काढत होता. ती विहीर म्हणजे सिमेंटचं एक कडं आणि ढोपरभर पाणी. दर सोमवारी तो ती साफ करायचा आणि पत्रे कचऱ्याच्या पिवळ्या पिंपात टाकायचा, दह्याच्या डब्यांबरोबर. माझी गुंडाळी मला ओळखू आली. मी खिळा तिरका ठोकला होता. चष्मा घेतला आणि बस पकडली.

तर तिची ती गुंडाळी माझ्या हातात, आणि सोमवार उद्यावर आलेला.

"नाही पोचणार," मी म्हणाले.

"का? रविवार म्हणून?"

"नाही." मी तिला विहिरीशी नेलं, झाकण उचललं आणि तळ दाखवला. पिवळ्या पिंपाचं सांगितलं. मग एकदा तोंड उघडलंच होतं म्हणून बाकीचंही सांगितलं. सात दिवस माझे. ईस्टरची सुट्टी माझी.

तिने झाकण परत लावलं. मग टपाल खात्यातल्या माणसासारखी एकेक नग तपासू लागली.

"वाटाणे?"

"दाणे खरे आहेत, रोमनच. पण ते भुतांसाठी, शापासाठी नव्हेत. आणि वाटाणे मालवणी."

"मीठ, मोहरी?"

"आमच्याकडचं. माझी आजी करायची."

"आईचं नाव?"

"खरं. कार्ड नंबर पाच."

"राइन खारट झाली ते?"

मी मान हलवली.

"ते मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "म्हणजे तो आपोआप पडला."

"आपोआप. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुळगुळीत जिना. तुमच्या पत्र्याचा काही संबंध नाही. तुमच्या डोक्यावर काही नाही."

मला वाटलं, आता तिचा चेहरा मोकळा होईल. मी निदान तेवढ्यासाठी तरी ती किंमत मोजत होते. पण ती बाकावर बसली आणि हातांकडे बघत म्हणाली, "पण लिहिलं तर मीच. आणि अँब्युलन्स आली तेव्हा मी खिडकीतून बघत होते, आणि मला बरं वाटलं. दुपारपर्यंत. घाबरले ते दुपारनंतर. मधले चार तास बरं वाटत होतं. त्याला तुमच्याकडे कार्ड आहे?"

नव्हतं. पुढूनही नव्हतं आणि मागूनही नव्हतं.

"मला त्याला सांगायला हवं," ती म्हणाली आणि उठली. गुंडाळी माझ्या हातातून घेतली, रुमालात बांधली, पर्समध्ये ठेवली.

"मी येते तुमच्याबरोबर. मी समजावून सांगते त्याला."

"नको." ती कोटाची बटणं लावत होती, त्या उन्हाळ्यात. "तुम्ही सांगाल तर ते झालं त्यापेक्षा चांगलं होईल."

केकचे दोन तुकडे बाकावरच राहिले. तिने माझ्यावर आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मला उत्तरं सुचतात.

पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. मी दोन पेले आणत राहिले. पिशवीत ते एकमेकांवर आपटायचे म्हणून मग मधे रुमाल घालू लागले. टेबलावर मी आता अकरा कार्डंच वाचत होते. लोक विचारायचे, "मग हा शाप लागायचा का?" मी म्हणायची, "लिहिणाऱ्यांना तसं वाटायचं. त्यांचे अंगरखे परत मिळाले की नाही, ते पत्रे सांगत नाहीत." लोक जांभया द्यायचे. प्रमुखबाईंनी एकदा मागे उभं राहून ऐकलं आणि माझी प्रगती झाल्याचं सांगितलं.

तिच्या घराचा पत्ता मला पाठ होता, तिनेच कोरला होता, मजल्यासकट. एका शनिवारी मी त्या रस्त्यावर गेले. समोरच्या फुटपाथवरून दोनदा गेले-आले. जिन्याची खिडकी दिसली, मोकळी. बेलच्या बटणांपाशी गेले, तिचं आडनाव वाचलं आणि घरी आले. बॉबलिंगेनमध्ये मी न बोलावता कोणाच्याही घरात शिरायची, झाकणं उचलून आमटी चाखायची. हे मात्र खरं आहे, विचारा कोणालाही. पण तिथे आता मला ओळखणारं कितीसं कोण उरलंय.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी साडेबाराला फाटकातून दोघं आत आली. ती, राखाडी कोटात. आणि काठी टेकत चालणारा एक लांबलचक म्हातारा. तिने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. मग माझ्याकडे बोट दाखवून त्याला म्हणाली, "ही ती भारतीय बाई. हिचं अर्धंच खरं मानायचं."

"कुठलं अर्धं?" त्याने विचारलं.

"ते आपण ठरवायचं."

त्याने माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. "माझ्या पायांवर जो मजकूर लिहिला होता तो मी ऐकला. तिने तोंडपाठ म्हणून दाखवला. सुंदर आहे. त्या चालायला शिकवणाऱ्या केंद्रात मी इतका हसलो की खुबा दुखला. मी तिच्याबद्दल मनात जे म्हणत होतो ते त्याहून वाईट होतं, फक्त मला लिहिता येत नाही तितकं."

"पत्रा द्या त्याला," ती म्हणाली.

तो जीभ बाहेर काढून लिहीत बसला. मी विचारलं, कोणावर? "हाउसफरवाल्टुंगवर," तो म्हणाला. "कुंड्या परत ठेवायला परवानगी मागतोय आम्ही, अडीच महिने झाले, उत्तर नाही."

"आम्ही नाही, मी," ती म्हणाली. "तू काढायला लावल्यास."

"मी अर्ज केला. काढल्या त्यांनी."

"अर्ज कोणी केला?"

"तेच सांगतोय ना."

ती त्याच्यावर झुकून पत्ता तपासत होती. पिनकोड चुकलाय म्हणाली. त्याने तो खोडला. मी खिळा ठोकायला हातोडी पुढे केली तर ती तिने माझ्याआधी उचलली. दोघांनी मिळून गुंडाळी विहिरीत सोडली, आणि उद्या ती कुठे जाणार हे त्यांना ठाऊक असूनही दोघं काठावर वाकून बघत राहिली.

एक वाजला. मी थर्मास काढला. "चहा घ्याल ना? आल्याचा आहे."

तिने घड्याळ पाहिलं. "एक दहाची बस आहे. ही चुकली तर तास जाईल, आणि ह्याला जास्त वेळ बसवत नाही."

"हो, हो. बरोबर."

जाताना ती थांबली. मला वाटलं, काहीतरी म्हणेल. तिने माझ्या शालीचं टोक टेबलाच्या कडेत अडकलं होतं ते सोडवून दिलं, आणि म्हणाली, "नीट राहा."

मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेले. तो चढताना तिने काठी धरली, मग कोपर धरलं, मग त्याच्यावर ओरडली. तो खिडकीशी बसला आणि ती शेजारी. बस वळली तेव्हा ती हातवारे करून त्याला काहीतरी सांगत होती आणि तो मान मागे टाकून हसत होता.

पुढची बस दोन दहाला. सप्टेंबरपासून म्युझियम रविवारी एक वाजताच बंद व्हायचं, हाउसमाइस्टर फाटकाला कुलूप लावून सायकलवर बसून गेला. शेतात कोणी नव्हतं, रस्त्यावर कोणी नव्हतं. मी स्टॉपच्या बाकावर बसले, पिशवीतून एक पेला काढला आणि चहा ओतून घेतला. त्या तासाभरात तिथून ना एक गाडी गेली ना एक माणूस, आणि यात मी काही वाढवलेलं नाही.